दहा नव्हे

सरांच्या केबिनमध्ये खुर्चीमागच्या खिळ्याला एक स्प्रिंगचा काटा टांगलेला असायचा, रद्दीवाल्याकडे असतो तसला. फरक एवढाच, की तबकडीवरचे किलोचे आकडे कागद चिकटवून झाकलेले होते आणि कागदावर सरांच्या टोकदार अक्षरांत न्यूटनचे आकडे होते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ते तो काट्याला लावायचे.

"आज अकरा न्यूटन," असं समोर बसलेल्याला सांगायचे. "काल साडेनऊ होता. घरात काहीतरी बिनसलं होतं, ते निवळलेलं दिसतं."

समोर बसलेला पुष्कळदा मी असे. नाशिकच्या वेशीवर, जिथे द्राक्षबागा संपून प्लॉटचे फलक सुरू होतात, तिथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो आणि ते उपयोजित यांत्रिकीचे विभागप्रमुख. मी विज्ञान दहावीतच सोडलं होतं, त्यामुळे मला शिकवण्यात त्यांना आनंद मिळे. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते थोडक्यात असं: एखाद्या वस्तूत ऐवज किती आहे ते किलोमध्ये मोजतात, ते वस्तुमान. पृथ्वी त्या ऐवजाला किती जोराने खाली ओढते ते न्यूटनमध्ये मोजतात, ते वजन. एकातून दुसऱ्यात जायचं तर नऊ पॉइंट एक्क्याऐंशीने गुणायचं. कारखान्यात, साइटवर, सगळीकडे लोक सरळ दहाने गुणतात, कारण दहाने गुणायला एक शून्य पुरतं. सरांच्या मते देशाचं जे काही वाटोळं झालं होतं ते त्या शून्यामुळे.

मुलं त्यांना पाठीमागे 'नऊ-एक्क्याऐंशी' म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि आवडत होतं.

बाहेरच्या जगाशी त्यांचा व्यवहार कसा चालत असेल असा प्रश्न मला पडे. एकदा आम्ही बरोबर परतत असताना ते गंगापूर रोडला एका भाजीवालीपाशी थांबले. ती गिलक्यांचा ढीग पुढे सरकवत म्हणाली, "घ्या सर, वजन पुरेपूर देते."

"वजन नाही, बाई. वस्तुमान."

"ते नाय ओ आज. गिलके हायेत, दोडके हायेत."

मी हसलो. सर हसले नाहीत. पावकिलो गिलक्यांसाठी त्यांनी तिला पृथ्वी, चंद्र आणि स्प्रिंगचा काटा यांवर एक छोटं व्याख्यान दिलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली. शेवटी ती म्हणाली, "चंद्रावर न्यायची का गिलकी? मग जास्त घ्या ना!" तिने काय पकडलं होतं ते सरांना समजलं, कारण चंद्रावर खरोखरच ती हलकी भरली असती. पण एका भाजीवालीने ते पकडावं याचा त्यांना राग आला. त्या दिवसापासून ते दुसऱ्या गाडीवरून भाजी घेऊ लागले.

डास मारला की म्हणत, "अडीच डाइन कमी झाले." डाइन म्हणजे न्यूटनचा लाखावा भाग. पाठदुखीसाठी डॉक्टरकडे गेले तेव्हा वजनाच्या रकान्यात सातशे सहा लिहून आले. डॉक्टरांनी केसपेपरवर त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते प्रश्नचिन्ह सर आम्हा सगळ्यांना दाखवत फिरले, डॉक्टरी शिक्षणाचा दर्जा किती घसरला आहे याचा पुरावा म्हणून.

इतपत सगळं गमतीचं होतं. मीही लोकांना हे किस्से सांगून चहा मिळवलेला आहे. पण प्रमुखाच्या हातात तोंडी परीक्षा असते, आणि तोंडी परीक्षेत गंमत एकाच बाजूला असते.

सरांचा पहिला प्रश्न ठरलेला. मुलगा घामेजून आत आला, की चष्म्यावरून बघत विचारायचे, "तुझं वजन किती?" साठ किलो म्हणणारा मुलगा संपला. "मी वस्तुमान विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी ये." पुढची वेळ सहा महिन्यांनी असे. वरच्या वर्गातली मुलं खालच्यांना उत्तर सांगून ठेवत असतील असं वाटेल, पण सर ज्या वर्षी उत्तर फुटलं असेल त्या वर्षी प्रश्न बदलत. लेखी परीक्षेत कुणी नऊ पॉइंट एक्क्याऐंशीऐवजी दहा घेतले, तर बाकी गणित कितीही बरोबर असो, तांबड्या शाईची एक आडवी रेघ आणि शून्य. एका मुलाने धीर करून विचारलं, "सर, पुस्तकातच लिहिलंय की सोयीसाठी दहा घ्यावे."

"कुणाच्या सोयीसाठी?" सर म्हणाले.

मला तेव्हा हा प्रश्न फार थोर वाटला होता.

नामपूरची एक मुलगी अशीच पहिल्या तोंडीत गेली. पंचावन्न किलो म्हणाली आणि नापास झाली. सहा महिन्यांनी पुन्हा आली. त्या वेळी मी तिथेच होतो, परीक्षकांना कुठलंसं पुस्तक द्यायला गेलो होतो. सरांनी तिला ओळखलं आणि मुद्दाम तोच प्रश्न विचारला.

"पाचशे चाळीस न्यूटन," ती म्हणाली. आणि पुढे, "म्हणजे इथं, सर. त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर चढले तर किंचित कमी भरेल."

पृथ्वीच्या मध्यापासून जितकं लांब जावं तितकी तिची ओढ कमी होते, हे मला नंतर कळलं. सर खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसले. त्यांना तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "किती कमी?" त्यांनी विचारलं. तिने तिथल्या तिथे फळ्यावर काढून दाखवलं. फरक इतका बारीक होता की खडूच्या एका रेघेत मावला असता.

त्या दिवसापासून ती त्यांची लाडकी झाली. "ए नामपूर!" अशी हाक व्हरांड्यातून ऐकू येई आणि ती धावत जाई. पदवी झाली, पुढचं शिक्षण झालं, आणि ती आमच्याच कॉलेजात त्यांच्या हाताखाली लागली. कंत्राटी. दर वर्षी उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि पावसाळ्यात पुन्हा सुरू व्हायची. कायम होण्यासाठी विभागप्रमुखाची शिफारस लागे. सर सगळ्यांसमोर सांगत, "जागा निघू द्या. पहिली सही माझी." घरी आई, धाकटा भाऊ आणि भावाचं शिक्षण, असा सगळा डोलारा त्या सहीकडे डोळे लावून होता. ती कधी हे बोलून दाखवत नसे. पण वाचनालयात बसून आईशी फोनवर बोलायची ते कानावर पडायचं. आईशी बोलताना ती अहिराणीत शिरायची आणि पाच वर्षांची व्हायची.

विभागाची एक प्रयोगशाळा होती. तिथे काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून फोडत. इमारतीचा स्लॅब ओततात तेव्हाच त्या मालाचे पंधरा-पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे भरून ठेवायचे, महिनाभर पाण्यात पिकवायचे, आणि मग किती जोराने फुटतात ते बघायचं. त्यावरून स्लॅब किती पक्का ते ठरतं. आमचं यंत्र संस्थेच्या अध्यक्षांनी अंबडच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून मिळवलं होतं. अध्यक्षांना सगळे आप्पा म्हणत. यंत्राची तबकडी जुनी, टनांमध्ये बोलणारी. आणि अहवाल द्यायचा न्यूटनमध्ये. म्हणजे प्रत्येक ठोकळ्यामागे गुणाकार आला. म्हणून सरांनी पेंटर बोलावून यंत्राच्या वर भिंतीवर तांबड्या रंगात लिहून घेतलं होतं:

एक टन-बल = ९.८१ किलोन्यूटन. दहा नव्हे.

'दहा नव्हे' हे शब्द इतके मोठे होते की बाहेरच्या व्हरांड्यातून वाचता येत.

आणि मग सभागृह आलं. आप्पांनी वडिलांच्या नावाने कॉलेजात सभागृह बांधायला घेतलं. काम त्यांच्या मेहुण्याकडे. स्लॅब पडला, पाहुणे ठरले, पत्रिकेचा मजकूर मला तपासायला आला. त्यात 'भव्य' हा शब्द चार वेळा होता, मी दोन काढले, आप्पांनी तीन घातले. तपासणी समितीला दाखवायला ठोकळ्यांचा अहवाल हवा होता. बाहेर कशाला जायचं, आपलीच प्रयोगशाळा आहे.

ठोकळे नामपूरच्या त्या मुलीने फोडले. काँक्रीट पंचवीसच्या दर्जाचं हवं होतं, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला पंचवीस न्यूटन सोसणारं. यंत्राची सुई साडेछप्पन टनांच्या आसपास थांबली आणि ठोकळे फुटले. आता हे साडेछप्पन दहाने गुणून ठोकळ्याच्या क्षेत्रफळाने भागले तर उत्तर पंचवीसच्या जेमतेम वर येतं. नऊ पॉइंट एक्क्याऐंशीने गुणले तर साडेचोवीसच्या जरा पुढे येऊन थांबतं. तिने वर भिंतीकडे बघायचीही गरज नव्हती. तिने साडेचोवीसच्या जरा पुढचा आकडा लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा निरोप आला की काँक्रीटच्या मानकांचं पुस्तक घेऊन प्रयोगशाळेत या. मी गेलो तर आप्पा स्टुलावर बसले होते, मेहुणे दाराशी उभे, सर यंत्रापाशी आणि ती अहवाल हातात धरून भिंतीला टेकलेली. डोक्यावर 'दहा नव्हे'. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. ते शेवटपर्यंत कुणी उघडलं नाही.

"आवो सर, आमच्या मेहुण्याने आख्ख्या जिल्ह्यात बांधकामं केली," आप्पा म्हणाले. आवाज अगदी गोड. "सगळे दहाच घेतात म्हणे. तुमीच लय बारीक बघताय."

"तसं व्यवहारात घेतात," सर म्हणाले.

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. 'व्यवहारात' हा शब्द त्यांच्या तोंडून मी नेहमी शिवीसारखा ऐकला होता.

"मग झालं की! तुमची सही म्हंजी दगडावरची रेघ. तुमच्या निरोप समारंभाला हेच सभागृह वापरू म्हणतो आपण. पहिला कार्यक्रम तुमचाच."

सर तिच्याकडे वळले. "मॅडम, एवढा अहवाल दहा घेऊन पुन्हा करा."

'मॅडम' म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"सर, दहा कसे घेऊ?"

"हे बघ, दोन टक्क्यांचा फरक आहे. डिझाइनमध्येच त्याच्या कितीतरी पट मोकळीक धरलेली असते. दोन टक्क्यांनी काही इमारत पडत नाही."

"पडणार नाही, सर. मला माहीत आहे."

"मग?"

"मग मला का नापास केलं होतं?"

तिचा आवाज चढला नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. मेहुणे उगाच खोकले. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि मग ते जे बोलले ते मी विसरलेलो नाही.

"ती परीक्षा होती," ते म्हणाले.

आप्पा उठले. "बघा बुवा, तुमचं तुमी ठरवा. आमी अडाणी माणसं." असं म्हणून त्यांनी तिच्या हातातला कागद हलकेच काढून घेतला, सरांच्या हातात दिला आणि बाहेर पडले. अडाणी माणसं बाहेर पडतात तसे नव्हे.

अहवाल दुपारी पुन्हा टंकला गेला, दहा घेऊन. 'चाचणी घेणार' या शब्दांपुढे तिने सही केली नाही, म्हणून ती ओळच काढून टाकली. खाली एकच सही राहिली, टोकदार अक्षरांतली. सभागृह पास झालं. सरांचं म्हणणं बरोबर होतं. ते पडलं नाही, पडणारही नाही. आज त्याच्या छतावर सौरऊर्जेच्या पॅनेलचं ओझं आहे आणि खाली लग्नंही लागतात.

त्या उन्हाळ्यात जागा निघाली. विभागप्रमुखाच्या शिफारशीवर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. तिची कंत्राटी नोकरी नेहमीप्रमाणे उन्हाळ्यात संपली आणि पावसाळ्यात सुरू झाली नाही. शेवटच्या दिवशी ती वाचनालयात पुस्तकं परत करायला आली. आईचा फोन आला. "काहीच नही व्हयनं, माय," ती म्हणत होती, "काहीच नही."

ती गेल्यावर आठवड्याभराने मी सरांच्या वर्गावरून जात होतो. आतून आवाज आला. एका मुलाने गणितात दहा घेतले होते. सर त्याला उभं करून विचारत होते, "कुणाच्या सोयीसाठी?"

मी व्हरांड्यात थांबलो. तोच स्वर, तोच आत्मविश्वास. कुठे काही चिरकत होतं का म्हणून मी कान देऊन ऐकलं. नव्हतं. सरांना या सगळ्यातून काय मिळालं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पद मिळालं नाही, मुदतवाढ मिळाली नाही. त्यांनी मागितलीही नसावी. मला वाटतं, वर बघून नाही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. त्यांचं ते नऊ पॉइंट एक्क्याऐंशी भाजीवालीला लागू होतं, डॉक्टरला होतं, घामेजलेल्या मुलांना तर होतंच. गुरुत्वाकर्षणच ते. ते नेहमी खालच्या दिशेनेच काम करायचं.

निरोप समारंभ आप्पांनी कबूल केल्याप्रमाणे नव्या सभागृहातच झाला. आप्पांच्या मनात आलं की सरांची ग्रंथतुला करावी. एका पारड्यात सर, दुसऱ्यात ग्रंथ, आणि ते ग्रंथ मग वाचनालयाला भेट. "ग्रंथ आणायचे कुठून?" मी विचारलं. "आवो, तुमच्याकडं आहेत की," आप्पा म्हणाले. म्हणजे आमच्या वाचनालयाचे ग्रंथ आमच्याच वाचनालयाला भेट मिळणार होते. मी दोन शिपायांना घेऊन यांत्रिकीची जुनी, बाद झालेली पाठ्यपुस्तकं काढली. त्यातल्या बऱ्याच पुस्तकांत सोयीसाठी दहा घ्यावे असं छापलेलं होतं.

कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडून दोन पारड्यांचा जुना लोखंडी काटा आणला होता. त्याला झेंडूच्या माळा. सूत्रसंचालक मराठीचा प्राध्यापक होता. त्याने सरांना 'तत्त्वनिष्ठेचा मेरुमणी' म्हटलं. सर फेटा सावरत पारड्यात मांडी घालून बसले. आम्ही समोर पुस्तकं रचत गेलो. सनई लावली होती. शेवटचं पुस्तक ठेवलं तरी आमचं पारडं वरच राहिलं. अजून तीन-चार जाड ग्रंथ लागले असते.

मी वाचनालयाकडे निघालो तर आप्पांनी अडवलं. "कुठं निघालात? पाहुण्यांना पुढं कार्यक्रम आहे." फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून खोळंबला होता. मग आप्पा पुढे झाले आणि पुस्तकांच्या ढिगावर त्यांनी हात ठेवला, आशीर्वाद द्यावा तसा, आणि दाबला.

पारडं खाली आलं. समोर सर वीतभर वर उचलले गेले. दोन्ही बाजू एका रेषेत आल्या, टाळ्या झाल्या, फ्लॅश पडला. सर बरोबर समोर होते. त्यांनी तो हात पाहिला. बळाची मापं आयुष्यभर शिकवलेल्या माणसाला तिथे काय चाललं आहे ते न कळणं शक्य नव्हतं. तो जोर किती न्यूटनांचा, तेही त्यांच्या मनात येऊन गेलं असेल.

सूत्रसंचालक माइकमध्ये म्हणाला, "आदरणीय सरांच्या वजनाइतके ग्रंथ—"

सरांनी हवेतच उजवा हात वर केला. सनई थांबली. खोटं का सांगू, त्या क्षणी मला वाटलं की आता ते त्या हाताबद्दल बोलणार.

"वजन नव्हे," सर म्हणाले. "वस्तुमान म्हणा. तराजू वस्तुमान तोलतो."

सभागृह हास्याने आणि टाळ्यांनी दणाणलं. आजीमाजी विद्यार्थी उभे राहिले. काहींचे डोळे भरून आले होते. आप्पांनी ढिगावरचा हात न काढता दुसऱ्या हाताने मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात मास्तर!" ते पाहुण्यांना म्हणाले.

तो फोटो मोठा करून वाचनालयात लावायचा आदेश आला. माझ्या टेबलासमोरच आहे.

नामपूरची मुलगी आता कळवणला एका शाळेत गणित शिकवते. मध्यंतरी जुन्या गुणपत्रिकेच्या कामाला ऑफिसात आली होती, तेव्हा चहाला माझ्याकडे डोकावली. भाऊ मार्गाला लागला म्हणाली. बोलता बोलता तिची नजर फोटोवर गेली. उठून जवळ गेली. रोज पन्नास जण त्या फोटोसमोरून जातात, झेंडूच्या माळा बघतात, फेटा बघतात. तिने पुस्तकांकडे पाहिलं.

"हा हात कुणाचा, सर?"

"आप्पांचा."

"आमच्या सरांनी पाहिला असेल?"

"समोरच तर होते."

"काही बोलले?"

"बोलले. वजन नव्हे, वस्तुमान म्हणा, तराजू वस्तुमान तोलतो, म्हणाले."

तिने कप बशीत ठेवला आणि खांद्याला पर्स अडकवली.

"तेवढं बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली.